हात सोडणारी आई : एका नाटकाचा आणि एका छावणीचा विचार

शलमोनाच्या न्यायाची कथा (१ राजे ३:१६-२८) आपल्या व्यासपीठांवरून वारंवार सांगितली जाते. दोन स्त्रिया, एक जिवंत मूल, राजाने मागवलेली तलवार, आणि मूल वाचावे म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडणारी खरी आई. उपदेशाचा शेवट बहुधा राजाच्या शहाणपणाच्या स्तुतीने होतो. मूल आईला परत मिळालेले असते, म्हणून श्रोते समाधानाने घरी जातात. हक्क सोडल्यावर मूल परत मिळालेच नाही तर काय, हा प्रश्न उपदेशक विचारीत नाहीत आणि श्रोत्यांनाही तो सुचत नाही.

या कथेच्या कुळातील एका विख्यात नाटकाचे परीक्षण या प्रश्नाच्या आधारे करण्याचे आम्ही योजले आहे. बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराचे 'कॉकेशियन खडूचे वर्तुळ' हे ते नाटक. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी त्याचे 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावाने मराठी रूपांतर केले आणि १९७० च्या दशकात विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. पात्रांची चर्चा मात्र आम्ही मूळ नाटकातील नावांनीच करणार आहोत. नाटकाला कसोटी म्हणून आम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीचा इतिहास घेतला आहे. नाटक आणि छावणी ही दोन्ही एकाच महायुद्धाची अपत्ये आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी मूल आणि आई यांच्या ताटातुटीचाच प्रश्न आहे.

१. कथेचा प्रवास

ब्रेख्त श्रद्धावान नव्हता. तथापि आपल्यावर सर्वाधिक परिणाम कोणत्या पुस्तकाचा झाला, असे १९२८ मध्ये विचारले गेले तेव्हा त्याने पवित्र शास्त्राचेच नाव घेतले होते. खडूच्या वर्तुळाची कल्पना त्याला चीनमधील युआन राजवटीच्या काळातील एका नाटकावरून मिळाली. जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, मुलाला मधोमध उभे करायचे आणि दोन्ही स्त्रियांनी त्याला आपापल्या बाजूला ओढायचे. मुलाला इजा होईल या भयाने जी हात सोडील ती खरी आई. चिनी नाटकात जन्मदात्रीच हात सोडते. येथवर ही कथा शलमोनाच्या कथेची सख्खी बहीण वाटते.

ब्रेख्तने तिला उलटी कलाटणी दिली. हिटलरच्या राजवटीपासून दूर, परदेशांत आश्रय घेऊन राहिला असताना १९४० मध्ये त्याने 'ऑग्सबर्गचे खडूचे वर्तुळ' ही कथा लिहिली. तिची पार्श्वभूमी तीस वर्षांच्या युद्धाची (१६१८-१६४८), म्हणजे ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांशीच केलेल्या युद्धाची आहे. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत असताना त्याने हेच कथानक कॉकेशस पर्वताच्या प्रदेशात नेऊन नाटक रचले. दोन्ही ठिकाणी जन्मदात्री आई मूल टाकून पळते, घरातील मोलकरीण त्याला वाढवते, आणि न्यायाच्या वेळी मोलकरीणच हात सोडते. मूल तिलाच मिळते.

२. नाटकाचे सामर्थ्य

या नाटकाचा उत्तम भाग न्यायालयातील नसून शेतवाडीतील आहे, असे आमचे मत आहे. प्रांताधिपतीचा शिरच्छेद होतो. त्याची पत्नी नातेला कोणती वस्त्रे बरोबर घ्यावीत या विवंचनेत असतानाच पळते आणि तान्हा मिखाएल मागे राहतो. ग्रुशा ही मोलकरीण त्याला उचलते आणि उत्तरेच्या डोंगरांकडे चालू लागते. येथून पुढे युद्धकाळातील खेडे आपल्यासमोर उभे राहते. तान्ह्यासाठी घोटभर दूध मागावे तर शेतकरी त्याची भारी किंमत सांगतो, आणि ती त्याला द्यावीच लागते. एका शेतघराच्या दाराशी ती मूल ठेवून निघते, कारण तेथे दूध आहे आणि स्वतःपाशी काहीच नाही. परंतु सैनिक मुलाच्या शोधात येतात, तशी ती परत धावते आणि एका सैनिकाच्या डोक्यात लाकूड घालून मुलाला घेऊन पळते.

भावाच्या शेतावर पोचल्यावर तिची गाठ भावजयीशी पडते. ही बाई मोठी धर्मशील आहे. दारात आजारी पडलेल्या नणंदेविषयी तिला पहिली चिंता वाटते ती ही, की या मुलाचा बाप कोठे आहे आणि लोक काय म्हणतील. हिवाळाभर ग्रुशाला आसरा मिळतो. बर्फ वितळू लागताच भाऊ तिचे लग्न एका मरणासन्न शेतकऱ्याशी ठरवतो, म्हणजे मुलाला बापाचे नाव मिळेल. मुलाच्या आईने थोडक्या पैशांत मिळणारा एक मद्यपी संन्यासी लग्न लावण्यास आणलेला असतो. विधी आटोपल्यावर युद्ध संपल्याची वार्ता येते आणि मरणासन्न नवरदेव अंथरुणातून ठणठणीत उठून बसतो. सैन्यभरती चुकवण्यासाठीच तो आजारी पडला होता.

हे प्रसंग हसवतात आणि पाळकवर्गाला अंतर्मुखही करतात. युद्धकाळात खेडे दयाळू राहत नाही, ते हिशेबी होते. दुधाला भाव येतो, पाहुण्याला मुदत येते, विधीलाही दर येतो. ग्रुशाचे ममत्व या हिशेबी जगात हळूहळू, श्रमाश्रमाने वाढते. तिला मुलाविषयी एकदम उमाळा आलेला नाही. रात्रभर त्याच्यापाशी बसून, त्याला पाठीवर वाहून, त्याच्यासाठी उपाशी राहून ती त्याची आई झाली. रक्ताच्या नात्याला अंतिम मानणाऱ्या आपल्या समाजाला हे ऐकवणे आवश्यक आहे. आपली आई आणि भाऊ कोण, हा प्रश्न स्वतः प्रभूने विचारला आहे (मार्क ३:३३-३५), आणि आपल्या तारणाचे वर्णन करताना पौलाने दत्तकपणाचा दृष्टान्त घेतला आहे (रोम ८:१५). या मर्यादेपर्यंत ब्रेख्त आपल्या बाजूचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३. नाटकाचा दोष

दोष आहे तो नातेलाच्या चित्रणात. नाटककाराने तिला इतके उथळ केले आहे की परीक्षेला परीक्षापण उरत नाही. तिला मूल हवे ते नवऱ्याची मालमत्ता मुलाच्या नावे आहे म्हणून. तिचे वकीलच हे बोलून जातात. अशी स्त्री एका बाजूला आणि ग्रुशा दुसऱ्या बाजूला उभी केल्यावर मूल कोणाला द्यावे हे सांगण्यास शलमोन कशाला हवा? प्रेक्षकांतील कोणीही ते सांगेल.

नाटककाराला असे का करावे लागले, याचे कारण नाटकाच्या आरंभप्रवेशात सापडते. महायुद्धानंतर कॉकेशसमधील एका खोऱ्यावर दोन कोलखोज, म्हणजे दोन सामुदायिक शेते, हक्क सांगत आहेत. हिटलरचे सैन्य जवळ आले तेव्हा शेळ्या पाळणाऱ्यांना सरकारी आज्ञेने पूर्वेकडे हलवण्यात आले होते. आता त्यांना आपले खोरे परत हवे आहे. शेजारच्या फळबागवाल्यांनी मात्र त्या खोऱ्याला पाणी देण्याची योजना आखली आहे. चर्चा होते, चीज खाल्ले जाते, आणि खोरे बागवाल्यांना मिळते. जमीन तिला नीट फुलवील त्याची आणि मूल त्याला नीट वाढवील त्याचे, असा हा न्याय आहे. जमिनीला हा न्याय लावता येईल, कारण जमीन कोणासाठी रडत नाही आणि खोरे गेले म्हणून राग आला तरी माणूस दुसरे खोरे शोधतो. मुलाला तो लावायचा तर ज्या आईचे मूल जाते ती रडण्यास अपात्र ठरवावी लागते. नातेला उथळ आहे ती याच कारणाने.

४. खराखुरा कोलखोज

ज्या वर्षांत ब्रेख्त हे सारे रचीत होता, त्याच वर्षांत सोव्हिएत रशियातील खऱ्या कोलखोजांवर हजारो आया उभ्या होत्या. पोलंडचा पूर्व भाग १९३९ मध्ये सोव्हिएत सत्तेखाली गेल्यावर १९४० च्या फेब्रुवारीपासून तेथील कुटुंबांची हद्दपारी सुरू झाली. पहिल्या खेपेत शेतकरी वसाहतवाले आणि वनरक्षक यांची कुटुंबे उत्तरेकडील जंगलांत व सैबेरियात नेण्यात आली. एप्रिलमध्ये अटक झालेल्या पुरुषांच्या बायकामुलांना कझाकस्तानात पाठवण्यात आले आणि त्यांपैकी पुष्कळांना कोलखोजांवर ठेवण्यात आले. पुरुष तुरुंगात, आणि शेतीची सवय नसलेल्या स्त्रिया नांगरणी-कापणीवर. त्या शेण आणि पेंढा तुडवून हिवाळ्यासाठी गोवऱ्या थापीत. कोलखोजचे धान्य पुरत नसे, म्हणून अंगावरची वस्त्रे एकेक करून पिठाच्या मोबदल्यात देत. नातेलाने वस्त्रांपायी मूल गमावले. या आयांनी मुलांपायी वस्त्रे गमावली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले. ३० जुलैच्या करारान्वये हद्दपार पोलिश नागरिकांना मुक्तता मिळाली आणि जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. सैन्याच्या आश्रयाने दक्षिणेकडील मध्य आशियात मुलांसाठी अनाथगृहे निघाली. तेथे थोडे का होईना, अन्न होते, आणि तेथील मुले देशाबाहेर जाणार होती. तेव्हा अनेक आयांनी आपली मुले त्या दारांशी आणून सोडली. काहींनी मुलांना पढवले, की आई नाही असे सांगा. ज्याची आई जिवंत आहे ते मूल अनाथ म्हणून घेतले जाणार नाही, ही भीती त्यामागे होती. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये सैन्याबरोबर फार मोठा जनसमुदाय कास्पियन समुद्र ओलांडून इराणात गेला. मुलांचे काही तांडे अश्गाबादहून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात आले. १९४३ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत सरकारने पोलिश सरकारशी संबंध तोडले, आणि मागे राहिलेल्यांचा मार्ग बंद झाला.

ग्रुशाने जे शेतघराच्या दारी केले तेच या आयांनी केले. ग्रुशाला परत धावता आले. यांना आले नाही.

५. बालाचडी आणि वळिवडे

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे या मुलांसाठी छावणी उभारली. कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या परिसरात वळिवडे येथे १९४३ मध्ये मोठी छावणी वसली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तेथे राहिले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, बालवीर पथके, सारे तेथे होते. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. त्यामुळे एकाच छावणीत आईचा हात धरून आलेली आणि आईने हात सोडलेली अशी दोन्ही प्रकारची मुले नांदली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि तिच्या जागी फाळणीने घर गमावलेले सिंधी लोक वसले. आज गांधीनगर म्हणून कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेली वस्ती ती हीच.

खडूचे वर्तुळ येथेही काढले गेले. युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी सत्ता स्थिर होऊ लागली तेव्हा या मुलांनी मायदेशी परतावे की नाही, यावरून ओढाताण सुरू झाली. मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाठवले जाऊ नये म्हणून जामसाहेबांनी छावणीच्या अधिकाऱ्यांसह त्यांना कायदेशीर दत्तक घेतल्याची हकीगत अनुराधा भट्टाचार्जी यांच्या संशोधनातून पुढे आली आहे. त्यांचा 'द सेकंड होमलँड' हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही मराठी पाळकाने तो अवश्य पाहावा. दत्तक घेणारे मुलांचे हितचिंतकच होते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु या वर्तुळाच्या एका बाजूला एक सरकार आहे, दुसऱ्या बाजूला एक राजा आहे, आणि जी कझाकस्तानात किंवा उझबेकिस्तानात राहिली ती आई वर्तुळापाशी नाहीच. काही मुलांना पुढे आई सापडली. काहींची आई त्याच वर्षी तापाने किंवा उपासमारीने गेली होती. आणि काहींना तिचे काय झाले हे कधीच कळले नाही.

ब्रेख्तची मांडणी या ठिकाणी अपुरी पडते. नाटकात एक आई ओढते आणि दुसरी सोडते, म्हणून निवाडा होऊ शकतो. येथे जन्मदात्रीने प्रेमानेच सोडले आणि आश्रयदात्यानेही प्रेमानेच धरले. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवता येत नाही, म्हणून निवाड्याने दुःख मिटत नाही.

या इतिहासाच्या स्मरणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. वॉर्सा शहरात 'भल्या महाराजां'च्या नावाचा चौक आहे. वळिवड्यास २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला गेला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. हे सर्व उचितच आहे. तथापि आश्रय देणारा हात दगडात कोरला जातो आणि सोडणारा हात कोरला जात नाही, हेही आपण पाहावे.

६. शास्त्रातील हात सोडणाऱ्या आया

आता पवित्र शास्त्राकडे वळून पाहिले, तर ते शलमोनाच्या कथेपाशी थांबत नाही, असे दिसते. खुद्द त्या कथेतही दुसरी स्त्री आहे. तिचे मूल रात्री झोपेत दगावले. तिने खोटा दावा केला हे खरे, परंतु निवाड्यानंतर ती रिकाम्या हाताने कोठे गेली, याविषयी एकही ओळ नाही.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात योखबेद तीन महिने लपवलेल्या बाळाला लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात ठेवते. तिला बाळ परत मिळते, पण वेतनावरची दाई म्हणून. उपदेशक येथे आनंदाने थांबतात. दहाव्या वचनात ती त्याला दुसऱ्यांदा सोडते. मूल मोठे झाल्यावर ती स्वतः त्याला फारोच्या कन्येकडे नेऊन पोचवते, आणि तेथे त्याला परकीय घराचे नाव मिळते. ती पहिल्या खेपेस पेटाऱ्याला डांबर लावते, याचे वर्णन आहे. दुसऱ्या खेपेस तिने काय केले, शास्त्र सांगत नाही.

हन्ना शमुवेलाला शिलो येथे ठेवून येते, आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान अंगरखा शिवून नेते (१ शमुवेल २:१९). ज्या आईचे मूल दूर आहे तिला या वचनाचा अर्थ सांगावा लागत नाही. वर्षभरात मूल किती वाढले असेल, याचा अंदाज मनात बांधून तिने तो अंगरखा बेतला असेल. वळिवड्यातील ज्या मुलाची आई मागे राहिली, तिला असा अंदाज कितीतरी वर्षे मनातल्या मनातच बेतावा लागला असणार.

सर्वांत महत्त्वाचे वचन यिर्मया ३१:१५ हे होय. रामा येथे राहेलीचे रडणे ऐकू येते. नाताळाच्या हंगामात मत्तयाच्या आधारे आपण हे वचन बेथलेहेमच्या वधलेल्या बालकांना लावतो. यिर्मयाच्या मुखात मात्र ते प्रथम हद्दपार झालेल्या लेकरांविषयीचे होते. बाबेलला नेण्यासाठी साखळ्या घातलेले बंदिवान रामा येथेच गोळा केले होते (यिर्मया ४०:१). राहेल रडते आहे ती मुले नेली गेली म्हणून, आणि ती सांत्वन नाकारते. पुढच्याच दोन वचनांत मुले परत येतील असे अभिवचन आहे. आपल्या उपदेशांत आपण पंधराव्या वचनावरून सतराव्यावर फार वेगाने उडी मारतो. मत्तयाने तशी उडी मारलेली नाही. त्याने रडणे उद्धृत केले, परतीचे अभिवचन केले नाही (मत्तय २:१८). ज्यांची मुले त्या रात्री गेली त्यांच्यापुढे लगेच सांत्वन ठेवण्यास सुवार्तिकही धजला नाही. अभिवचन खरे आहे, परंतु ते राहेलीचे तोंड बंद करण्यासाठी दिलेले नाही.

७. आपल्या मंडळ्यांपुरते

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, आणि पुढे केडगावचे मुक्ति सदन उभे राहिले. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली होती, म्हणून त्यांना त्या मुलींचे दुःख आतून ठाऊक होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने अनेक मुलांना आसरा दिला. इंदूरच्या परिसरातील काही ख्रिस्ती घराण्यांचा आरंभ अशा मुलांपासून झाला आहे. त्या काळचे वृत्तान्त वाचताना मुलांची संख्या, शिक्षण आणि बाप्तिस्मे ठळकपणे दिसतात. ज्यांनी भुकेपायी मूल मिशनच्या दाराशी आणून सोडले, त्या आयाबापांची नावे क्वचितच भेटतात.

आजही बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी आई लेकराला म्हाताऱ्या सासूपाशी किंवा वसतिगृहात ठेवून जाते. झाबुआ, धार, निमाड येथून इंदुरास बांधकामावर आलेली स्त्री सुदामानगरासारख्या वसाहतींत दुसऱ्यांची घरे उभारते, आणि तिचे मूल गावी असते. अशा स्त्रिया कोठे कोठे आपल्या उपासनेतही मागे येऊन बसतात. त्यांच्यासमोर शलमोनाच्या न्यायावर बोलताना उपदेशकाने आईच्या त्यागाची सुंदर स्तुती करून थांबू नये. त्यांनी मूल सोडले ते त्याग म्हणून नव्हे; दुसरा मार्ग नव्हता म्हणून. ज्या परिस्थितीने हात सोडावयास लावला तिच्याविषयी न बोलता केलेली स्तुती ग्रुशाच्या भावजयीच्या धर्मशीलतेहून फारशी निराळी नाही.

म्हणून पाळक आणि प्रचारक बंधुभगिनींना आमच्या तीन सूचना आहेत. आपल्या वसतिगृहांच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे आईचे नाव आणि तिचा ठावठिकाणा अगत्याने लिहावा, आणि तो वर्षातून एकदा तपासावा. मध्यस्थीच्या प्रार्थनेत लेकरांपासून दूर असलेल्या आयांचा निराळा उल्लेख करावा. आणि १ राजे ३ वर उपदेश करावयाचा असेल, त्या रविवारी यिर्मया ३१:१५ हेही वाचावे. वाचून झाल्यावर क्षणभर शांत राहावे. सतरावे वचन त्यानंतर यावे.

ब्रेख्तचे नाटक आपल्याला मूल कोणाचे हे ठरवण्यास शिकवते आणि ते तेवढ्यापुरते चांगले शिकवते. मंडळीपुढचे काम त्यानंतर सुरू होते. निवाडा झाल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडलेली बाई कोठे गेली, हे कोणीतरी विचारावे लागते, आणि ते विचारण्यासाठी मंडळीने न्यायालयाच्या दाराबाहेर उभे असले पाहिजे.